वस्त्रगाळ पाणी

आमच्या लहानपणीं घरांत पाणी भरतांना हंड्याच्या तोंडावर दुहेरी फडकें बांधलेलें असे. कोणीं तें न बांधतां घागर ओतली तर आजीचा आवाज माजघरांतून ऐकूं येई. कारण विचारलें तर पाणी गाळूनच प्यावें, एवढेंच उत्तर मिळे. पुढें आम्ही इंग्रजी शिकलों, घरांत नळ आला, आणि तें फडकें अडगळींत गेलें. आज त्याची आठवण झाली ती नारूच्या रोगाची हकीकत वाचतांना.

तरुण वाचकांस हा शब्द अपरिचित असेल, आणि तो तसा असावा ही आनंदाचीच गोष्ट आहे. आयुर्वेदांत या रोगास स्नायुक म्हणत. साठलेल्या पाण्यांत तिळाहूनही लहान असा एक जीव असतो. त्याच्या पोटांत नारूचें पिलूं राहतें. तें पाण्याबरोबर माणसाच्या पोटांत गेलें म्हणजे सुमारें वर्षभर कांहीं कळत नाहीं. मग एके दिवशीं बहुधा पायावर फोड येतो, आग आग होते, आणि फोड फुटून दोन-तीन फूट लांबीचा दोऱ्यासारखा जंत बाहेर येऊं लागतो. ओढला तर तुटतो व जखम चिघळते. म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत बसावें लागतें. त्यास औषध नाहीं, लसही नाहीं. दाह शमावा म्हणून रोगी पाय पाण्यांत बुडवितो, आणि त्याच क्षणीं जंत हजारों पिलें पाण्यांत सोडतो. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरणारा शेतकरी अशा रीतीनें आपल्याच गांवास पुढच्या वर्षाचें दुखणें देऊन जाई. तें दुखणेंही पुष्कळदां ऐन शेतीच्या हंगामांत येई. मग शेत पडीक, आणि घरांत खाणारीं तोंडें तितकींच.

हें चक्र फेडचेंको नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें १८७० सालीं मध्य आशियांत उलगडलें. उपाय त्याच दिवशीं हातीं आला असें म्हणण्यास हरकत नाहीं. तरी जगानें तो मनावर घेण्यास शंभरांहून अधिक वर्षें घेतलीं. १९८१ ते १९९० हें दशक संयुक्त राष्ट्रांनीं पिण्याच्या पाण्याचें व स्वच्छतेचें म्हणून पाळलें, आणि नारूचें निर्मूलन त्या कार्याशीं जोडलें गेलें. १९८६ सालीं आफ्रिका व आशियांतील एकवीस देशांत मिळून सुमारें पस्तीस लाख रोगी असावेत असा अंदाज होता. त्याच वर्षीं अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेनें हें काम अंगावर घेतलें.

आपल्या देशांत १९८४ सालीं चाळीस हजारांच्या आसपास रोगी होते. सात राज्यांत हा रोग होता. महाराष्ट्र त्यांतलें एक. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या पोहऱ्यानें शेंदण्याजोग्या केल्या, हापसे बसविले, पाण्यांत औषध टाकलें, गाळणीं वाटलीं, आणि घरोघर जाऊन रोगी मोजले. शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैंत राजस्थानांत आढळला. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त ठरविला.

येथें एक प्रश्न आम्हांस टाळवत नाहीं. पाणी गाळण्याची चाल आपल्या घरांत इतकी जुनी, मग नारू इतका काळ टिकला कसा? उत्तर थोडें लाजिरवाणें आहे. आपलें फडकें आपल्या उंबरठ्याच्या आंतच राहिलें. ज्यांस आपण विहिरीला शिवूं दिलें नाहीं, त्यांस डबक्याचें पाणी प्यावें लागलें. त्यांच्या मडक्यावर फडकें आहे कीं नाहीं, याची चौकशी आपण केली नाहीं. परक्या देशांतल्या माणसांनीं ती केली. १९९५ सालीं सुदानांत यादवी चालू असतां कार्टर यांनीं मध्यस्थी करून जवळजवळ सहा महिने लढाई थांबविली, ती नारूच्या कामास वाट मिळावी म्हणून! गुराख्यांस गळ्यांत अडकविण्याच्या गाळणीच्या नळ्याही वाटल्या गेल्या. कार्टर २०२४ च्या डिसेंबरांत वारले. आपल्याआधीं शेवटचा नारू मरावा, ही त्यांची इच्छा थोडक्यांत हुकली. त्या वर्षीं साऱ्या जगांत पंधरा रोगी उरले होते. चाडमध्यें हा जंत आतां कुत्र्यांच्या अंगींही सांपडतो, त्यामुळें काम लांबलें आहे.

फडक्याची दुसरी परीक्षा बांगलादेशांत झाली. रीटा कोलवेल या अमेरिकन विदुषी व ढाक्याचे संशोधक यांनीं मतलब भागांतील बायकांस जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळण्यास शिकविलें. पटकीचे जंतू ज्या जलजीवांना चिकटून राहतात, ते नारूच्या वाहकाच्याच जातकुळींतले. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या गांवांत पटकी सुमारें निम्म्यानें घटली. नव्यापेक्षां जुनी साडी बरी, कारण धुऊन धुऊन सुताची वीण दाट होते. अर्थात् गाळलेलें पाणी निर्जंतुक समजूं नये. सुटे जंतू कापडांतून सहज पार होतात, त्यांस उकळीच हवी. प्रयोग संपल्यावर पांच वर्षांनीं संशोधक त्या गांवांत परत गेले, तेव्हां कोणी सांगणारें नसतांही जवळजवळ एकतृतीयांश बायका पाणी गाळीत होत्या.