घरचे गॅरेज : जाम झालेला ब्रेक कॅलिपर

कोकणातल्या आपल्या अनेक घरांना हे चित्र ओळखीचे आहे. घरातला कमावता माणूस कुवेत, कतार नाहीतर दुबईला. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली आठ-दहा महिने उभी. तो सुट्टीवर आला की बॅटरी बदलली जाते, टायरांत हवा भरली जाते आणि दुसऱ्याच दिवशी अम्मी, मुले, सामान असे सगळे घेऊन गाडी नातेवाइकांकडे निघते. ब्रेककडे कोणी बघत नाही, कारण पेडल दाबले की गाडी थांबते. मात्र पेडल सोडल्यावर पुढचे एक चाक पूर्ण सुटलेले नसते.

ब्रेक लागत नसेल तर लगेच कळते. ब्रेक सुटत नसेल तर कळायला वेळ लागतो. पॅड डिस्कला घासत राहतो, चाक तापते आणि ती उष्णता कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ऑइल जुने, पाणी शोषलेले असेल तर ते उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि घाटाच्या उतारावर पेडल एकदम मऊ होऊन खाली जाते. म्हणून या महिन्यात पुढच्या कॅलिपरबद्दल. तो घरी उघडून, साफ करून, नवे सील घालून पुन्हा बसवता येतो. फक्त कुठे थांबायचे तेही माहीत हवे.

आत काय असते?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतात. डिस्कवर चिमट्यासारखा बसलेला लोखंडी भाग म्हणजे कॅलिपर. त्याच्या एका बाजूला एक पिस्टन असतो. तुम्ही पेडल दाबता तेव्हा ऑइलचा दाब पिस्टनला पुढे ढकलतो आणि आतला पॅड डिस्कला टेकतो. मग सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅडही दुसऱ्या बाजूने डिस्क पकडतो.

पण पाय उचलल्यावर पिस्टन मागे कोण नेतो? तिथे स्प्रिंग नसते. ते काम चौकोनी कडेची एक रबरी रिंग करते. कॅलिपरच्या खाचेत बसलेली ही सील पिस्टन पुढे जाताना त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते आणि दाब गेला की आपल्या मूळ आकारात येते. येताना पिस्टनला केसभर मागे खेचते. तेवढ्या केसभर जागेत चाक मोकळे फिरते. रबर कडक झाले, खाचेत गंज साठला किंवा पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले की ही खेच संपते.

सुरुवात बहुतेक वेळा बाहेरच्या धूळरोधक रबरी बुटापासून होते. बूट फाटला की पावसाचे पाणी आणि खारी हवा आत जाते. उभ्या गाडीत ते पाणी तिथेच बसून गंज धरते.

दोष नक्की कुठे आहे?

काही किलोमीटर गाडी चालवल्यावर एक पुढचे चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापते, जळका वास येतो, गाडी एका बाजूला ओढते, मायलेज घटते. या खुणा कॅलिपरच्या आहेत, पण फक्त कॅलिपरच्या नाहीत. कॅलिपरकडे जाणारी रबरी नळी जुनी होऊन आतून फुगली, तर ती ऑइल पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. चाक तसेच जाम होते.

फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. चाक उचलून, ते जाम असतानाच कॅलिपरवरचा ब्लीडिंग निपल अर्धा फेरा सैल करा. थोडे ऑइल निघून चाक मोकळे झाले, तर दाब मागे अडकला होता. मग दोष नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये. चाक तसेच घट्ट राहिले, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. ही तपासणी न करता कॅलिपर बदलणारे गॅरेजवाले आहेत. मग आठ दिवसांनी चाक पुन्हा तापते आणि पैसे दुसऱ्यांदा जातात.

हात लावण्याआधी

सामान असे लागेल: तुमच्या मॉडेलचे सील किट (पिस्टनचा व्यास जुळला पाहिजे), बँजो बोल्टचे दोन नवे तांब्याचे वॉशर, सीलबंद डब्यातले ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनर, पिनांसाठी सिलिकॉन ग्रीस, रिंग पाने, टॉर्क रेंच, जॅक आणि जॅक स्टँड. पिस्टन खराब निघाला तर तोही लागेल. दुकान आधी विचारून ठेवा.

ब्रेक ऑइल डॉट 3 की डॉट 4, हे टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. तेच घ्या. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 नवे असताना किमान 205 अंशांवर उकळते, तर पाणी शोषल्यावर ही मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. म्हणून मागच्या वर्षी उघडलेला अर्धा डबा वापरायचा नाही.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून काम करू नका. जॅक स्टँड लावाच आणि काढलेले चाक उंबरठ्याखाली आडवे सरकवून ठेवा. ब्रेकची काळी धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली की काय कसे बसते ते तिथे बघता येते. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा.

उघडणे

सगळ्यात आधी ब्लीडिंग निपल सैल होतो का ते बघा. तो गंजून तुटण्याच्या बेतात असेल तर पुढची मेहनत वाया जाते. मग पूर्ण कॅलिपरच घेतलेला बरा.

निपल पुन्हा घट्ट करा. कॅलिपरचे बोल्ट काढून तो ब्रॅकेटवरून उतरवा, पॅड काढा. कॅलिपर नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. पिस्टन बाहेर काढायला गाडीचेच ब्रेक वापरता येतात. कॅलिपरच्या तोंडात लाकडी फळी ठेवा, खाली तसराळे ठेवा आणि घरातल्या कोणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. पिस्टन फळीला टेकला की थांबा, फळी थोडी पातळ करून पुन्हा दाबा. आत बोट घालायचे नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो. त्याने बोटे चिरडतात.

आता बँजो बोल्ट काढून कॅलिपर टेबलावर घ्या. जुनी सील बांबूच्या काडीने किंवा विणकामाच्या प्लॅस्टिक सुईने काढा. स्क्रूड्रायव्हरने खाचेला ओरखडा पडतो आणि तिथून गळती होते.

ठेवायचे की टाकायचे?

या कामातला खरा निर्णय इथे आहे. सील कॅलिपरच्या खाचेत बसून पिस्टनच्या अंगाला टेकते. म्हणजे ऑइल अडवणारा पृष्ठभाग पिस्टनचा आहे. पिस्टन उजेडात फिरवून बघा, त्यावरून नख फिरवा. सील टेकते त्या पट्ट्यात मुलामा उडाला असेल किंवा नख अडकेल असा खड्डा असेल, तर पिस्टन बदला. काचपेपर मारून तो चकचकीत करणे म्हणजे उरलासुरला मुलामाही घालवणे. कॅलिपरच्या आतल्या भिंतीवरचा हलका गंज मात्र साफ करता येतो. खाचेतला गंज पूर्ण निघालाच पाहिजे, नाहीतर नवी सील पिस्टनला आवळून धरेल आणि चाक पुन्हा जाम होईल. खाचच खाल्ली गेली असेल तर कॅलिपर भंगारात.

धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा नवे ब्रेक ऑइल वापरा. अनेक ठिकाणी पेट्रोलने धुतात, वर इंजिन ऑइलचा हात फिरवतात. ब्रेकचे रबर पेट्रोल, डिझेल आणि साध्या ग्रीसने फुगते. नवी सील काही दिवसांतच बिघडते.

बसवणे आणि हवा काढणे

हात साबणाने धुऊन कोरडे करा. नवी सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवा. ती कुठे पिळली नाही ना, हे बोट फिरवून तपासा. बूट लावून पिस्टन सरळ धरा आणि हाताच्या दाबाने आत सारा. तो जात नसेल तर वाकडा लागला आहे. हातोडी मारू नका, काढून पुन्हा लावा. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. त्या बोटाने सरकल्या पाहिजेत. पॅड ऑइलने भिजले असतील तर दोन्ही चाकांचे बदला. बँजो बोल्टला नवे वॉशर लावा. बोल्ट किती घट्ट करायचे ते गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचनेच ठरवा.

कॅलिपर बसल्यावर निपल वरच्या टोकाला आला पाहिजे. दोन्ही बाजू उघडल्या असतील आणि डावा-उजवा कॅलिपर बदलला गेला, तर निपल खाली येतो आणि वरची हवा कितीही ब्लीडिंग केले तरी निघत नाही.

हवा काढायला दोघे लागतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. खालच्याने म्हणायचे “दाबा”, वरच्याने पेडल दाबून म्हणायचे “दाबलं”. निपल उघडायचा, बंद करायचा, मगच “सोडा”. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवा. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत गेले तर मास्टर सिलिंडरची सील न वापरलेल्या, गंजलेल्या भागात घासून फाटू शकते. टाकीतले ऑइल संपू देऊ नका. एबीएस असलेल्या गाडीत हवा त्या युनिटमध्ये गेली तर ती काढायला बहुधा कंपनीचे यंत्र लागते. 2019 च्या एप्रिलपासूनच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे.

अंगावर किंवा गाडीच्या रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवा. जुने ऑइल विषारी असते. ते सरबताच्या बाटलीत ठेवू नका आणि अंगणात ओतू नका, तिथे मुले खेळतात, कोंबड्या-बकऱ्या फिरतात. झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून गॅरेजच्या जुन्या तेलाबरोबर द्या.

रस्त्यावर जाण्याआधी

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारा. पहिल्या दाबांत पिस्टन पॅडपर्यंत यायचा असतो, तोवर ब्रेक लागत नाही. मग पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. ते हळूहळू खाली जात असेल किंवा कुठे ओल दिसत असेल, तर गाडी बाहेर काढायची नाही. सगळे ठीक असेल तर मोकळ्या जागेत एकट्याने, हळू चालवून थांबवून बघा. पाच-सहा किलोमीटरनंतर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन उष्णता सारखी आहे का ते पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल तपासा. तोवर घरच्यांना गाडीत बसवू नका.

तुम्ही याआधी कधी पॅडही बदलले नसतील, तर पहिल्या वेळी ओळखीच्या चांगल्या मेकॅनिकला घरी बोलवा आणि त्याच्याबरोबर काम करा. मजुरी द्यावी लागेल, पण तुमच्यासमोर नवी सील आणि सीलबंद ऑइल वापरले जाईल.

गाडी पुन्हा बराच काळ उभी राहणार असेल, तर घरात ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याने किंवा तिने दर पंधरा दिवसांनी ती काही किलोमीटर चालवावी आणि वाटेत ब्रेक नीट लावावेत. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. बदलल्याची तारीख बॉनेटच्या आत चिठ्ठीवर लिहून चिकटवा. परदेशातून कोण कधी आले, हे घरात सगळ्यांच्या लक्षात असते. ऑइल कधी घातले ते कोणाच्याच लक्षात नसते.

पुढच्या महिन्यात मागच्या ड्रम ब्रेकबद्दल बोलू.