नव्या कार्यप्रणालीची प्रतीक्षा आणि न वाचलेली तारीख

२००९ च्या उन्हाळ्यात संगणकाशी या ना त्या नात्याने बांधल्या गेलेल्या मंडळींना एकाच गोष्टीची उत्कंठा होती. मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज ७’ ही नवी कार्यप्रणाली अंतिम स्वरूपात केव्हा येणार? जानेवारीत तिची ‘बीटा’, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती सर्वांना खुली झाली, तेव्हा कंपनीने २५ लाख प्रतींची मर्यादा घातली होती. परंतु ती उतरवून घेण्यासाठी एवढी झुंबड उडाली की सर्व्हरवर ताण आला आणि अखेर ती मर्यादाच उठवावी लागली. मे महिन्यात ‘रिलीज कँडिडेट’ आली. २२ जुलैला अंतिम आवृत्ती सिद्ध होऊन संगणक उत्पादकांकडे निघाली आणि २२ ऑक्टोबरला ती दुकानांत पोहोचली.

या उत्कंठेला कारणही तसेच होते. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली एक्सपी लोकांच्या हाताला चांगलीच बसली होती. तिच्यानंतरच्या व्हिस्टाला पाच वर्षांहून अधिक काळ लागला. २००४ मध्ये तर झालेले बरेचसे काम बाजूला सारून नव्याने आरंभ करावा लागला होता. ३० जानेवारी २००७ रोजी ती सर्वसामान्यांसाठी आली आणि पुष्कळांचा अपेक्षाभंग झाला. जुन्या यंत्रांना तिचा भार सोसवेना, जुने प्रिंटर तिच्याशी जुळेनात. अनेक कचेऱ्यांनी व्हिस्टा असलेले नवे संगणक घेऊन त्यांवर पुन्हा एक्सपीच बसवली. सून घरात आली तरी किल्ल्या सासूच्याच कमरेला, असा तो प्रकार होता.

अशा वेळी शाखेत येणाऱ्या ग्राहकाच्या मनात एक प्रश्न हटकून येतो. घरी मुलाच्या टेबलावर नवी कार्यप्रणाली चालते, मग बँकेच्या काउंटरवर जुनीच का? प्रश्न रास्त आहे. परंतु त्यामागे गृहीत धरलेला आळस दरवेळी खरा नसतो. घरातील संगणकाला एक प्रिंटर आणि एक कॅमेरा जोडलेला असतो. शाखेतील संगणकाला पासबुक छापणारे यंत्र ओळखता आले पाहिजे, धनादेशाचा स्कॅनर ओळखता आला पाहिजे, अधिकाऱ्याच्या बोटाचा ठसा घेणारे उपकरण चालवता आले पाहिजे. शिवाय पूर्वीची पुष्कळ कार्यालयीन सॉफ्टवेअर ब्राउझरच्या एका ठरावीक जुन्या आवृत्तीसाठीच लिहिलेली असत. नव्या ब्राउझरमध्ये त्यांची बटणे जागची हलत नसत. ही अडचण मायक्रोसॉफ्टलाही ठाऊक होती. म्हणूनच विंडोज ७ च्या प्रोफेशनल आवृत्तीवर एक्सपीसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर चालवण्याची ‘एक्सपी मोड’ नावाची सोय तिने देऊ केली होती. तेव्हा अंतिम आवृत्ती बाजारात आल्यावरही बँकेने वर्षभर सावकाश चाचण्या घ्याव्यात, यात गैर काहीच नाही.

गैर आहे ते दुसऱ्या टोकाला. त्याच २००९ मध्ये, १४ एप्रिल रोजी, सारे जग नव्या प्रणालीच्या वाटेकडे डोळे लावून बसले असताना एक्सपीला मिळणारे नियमित साहाय्य संपले. पुढे उरल्या त्या केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या, आणि त्याही ८ एप्रिल २०१४ पर्यंत. ही दुसरी तारीख तेव्हाच जाहीर होती. तिच्यासाठी कुणी रांग लावली नाही, कुणी दिवस मोजले नाहीत. परिणाम सर्वांसमोर आहे. २०१४ उलटून चार वर्षे झाली तरी देशातील कित्येक एटीएम एक्सपीवरच चालत होती. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून टप्पे आखून द्यावे लागले. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे साहाय्य मिळणाऱ्या कार्यप्रणालीवर आणावीत, असा तो आदेश होता. पाच वर्षे आधीपासून ठाऊक असलेली मुदत टळल्यावर आणखी पाच वर्षांनी काम पुरे करण्याची वेळ यावी, याला सावधगिरी म्हणता येत नाही. थकलेल्या कर्जाचा हप्ता एवढा लांबला असता तर याच बँकांनी कर्जदाराला किती नोटिसा धाडल्या असत्या!

मुळात ‘अंतिम आवृत्ती’ हा शब्दच थोडा फसवा आहे. भारत सरकारने रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याच्या नऊ महिने आधी ‘अंतिम’ म्हणून विक्रीस आलेल्या विंडोज ७ मध्ये ते असणे शक्यच नव्हते. २०११ मध्ये वेगळी दुरुस्ती आली, तेव्हा कुठे ते कळफलकावरून उमटवता आले. सुरक्षेच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. १२ मे २०१७ पासून ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणक ओलीस धरले, तेव्हा त्याला बळी पडलेली बहुतांश यंत्रे एक्सपीची नव्हती, विंडोज ७ ची होती. त्या त्रुटीवरील दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ती बसवलेली नव्हती, एवढेच.

यावर उपाय फार मोठा नाही. नवे संगणक घेण्याच्या प्रस्तावावर किंमत, संख्या आणि हमीचा कालावधी लिहिला जातो. त्याच कागदावर कार्यप्रणालीच्या साहाय्याची अखेरची तारीख लिहावी आणि तिच्या दोन वर्षे आधी पुढील खरेदीची तरतूद करावी. मुदत ठेवीच्या पावतीवर मुदतपूर्तीची तारीख नसेल तर कोणताही ग्राहक ती हातात घेणार नाही. विंडोज ७ च्या त्या फुकट ‘रिलीज कँडिडेट’लाही मुदत होतीच. १ मार्च २०१० पासून तिच्यावरील यंत्र दर दोन तासांनी आपोआप बंद पडू लागे आणि १ जूनला ती कालबाह्य झाली. विकत घेतलेली प्रणाली मात्र असा कोणताही गजर करून थांबत नाही. ती निमूटपणे चालत राहते, आणि धोका नेमका त्यातच आहे.

घरातून नेटबँकिंग करणाऱ्या ग्राहकांनाही हे लागू आहे. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असावी लागते आणि बऱ्याच जुन्या यंत्रांत ती नाही. निवृत्तीच्या वेळी हौसेने घेतलेला, अजून उत्तम चालणारा संगणक बाजूला ठेवणे जड जाते, हे मान्य. पत्रलेखन, नातवंडांची छायाचित्रे, जुनी गाणी यांसाठी तो खुशाल वापरावा, किंवा जाणकाराकडून त्यावर लिनक्सची एखादी चालू आवृत्ती बसवून घ्यावी. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही तशीच एक भारतीय प्रणाली आहे. पेन्शन खात्याचा पासवर्ड मात्र त्यावर टाकण्यापूर्वी त्याची कार्यप्रणाली कोणती आणि तिची मुदत केव्हाची, हे एकदा पाहून घ्यावे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ एवढे उघडले की प्रणालीचे नाव दिसते.