सीमेवरचं गाणं

बालदोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक गायक अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात उभा आहे. त्याचे श्रोते लंडनच्या एका सभागृहात बसले आहेत, जवळजवळ हजारभर. मध्ये अख्खा अटलांटिक महासागर. तरीही गायक गातोय, आणि त्याच क्षणी लंडनचे लोक ते ऐकून टाळ्यांचा कडकडाट करताहेत. हे कसं बरं झालं असेल?

"त्यात काय बाई, व्हिडिओ कॉल!" असं तुम्ही पटकन म्हणाल. पण थांबा. ही गोष्ट आहे २६ मे १९५७ची. तेव्हा मोबाईल नव्हते, इंटरनेट नव्हतं. होता फक्त टेलिफोन! अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली टेलिफोनची केबल सप्टेंबर १९५६ मध्ये सुरू झाली होती. त्या केबलमधून हे गाणं समुद्र ओलांडून गेलं.

आता खरा प्रश्न. एवढा खटाटोप कशाला? विमानं होती, जहाजं होती, लंडनचे लोक तर "या, या" म्हणून बोलावत होते. मग तो गायक सरळ लंडनला का गेला नाही?

कारण त्याच्या सरकारने त्याचा पासपोर्ट रद्द केला होता. पासपोर्ट, म्हणजे पारपत्र, नसेल तर दुसऱ्या देशात जाता येत नाही. या गायकाचं नाव पॉल रोबसन. तब्बल आठ वर्षं ते आपल्याच देशात अडकून पडले होते.

रोबसन यांचा जन्म १८९८ सालचा, अमेरिकेतल्या प्रिन्सटन गावचा. त्यांचे वडील लहानपणी गुलाम होते. गुलाम म्हणजे ज्याला मालक बाजारात विकू शकतो असा माणूस! पंधराव्या वर्षी ते पळाले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. त्यांचा हा मुलगा शाळेत हुशार, फुटबॉलमध्ये नावाजलेला. पुढे तो वकिलीही शिकला. पण कातडीचा रंग काळा म्हणून वकिलीच्या कचेरीत त्याला अपमान सोसावा लागला. त्याने वकिली सोडली आणि तो गाण्याकडे नि नाटकाकडे वळला. आवाज असा धीरगंभीर, की ऐकणाऱ्याने ऐकतच राहावं. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात त्यांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर जवळजवळ तीनशे प्रयोग केले.

तुमच्या आईबाबांनी भूपेन हजारिका यांचं 'गंगा बहती हो क्यों' नक्की ऐकलं असेल. हजारिका अमेरिकेत शिकायला गेले होते, तिथे त्यांची रोबसन यांच्याशी ओळख झाली. रोबसन मिसिसिपी नदीवरचं एक गाणं गात. त्यावरूनच हजारिकांना ब्रह्मपुत्रेच्या काठचं आपलं गाणं सुचलं, आणि तेच पुढे हिंदीत गंगेचं झालं. बघा, गाण्याला कुठे पासपोर्ट लागतो?

मग असा माणूस सरकारला का खुपला? कारण तो नुसता गात नव्हता, बोलतही होता. अमेरिकेत काळ्या लोकांना समान वागणूक मिळत नाही, हे तो परदेशात जाऊन सांगे. आफ्रिकेतले देश स्वतंत्र झाले पाहिजेत, असं म्हणे. शिवाय तो सोव्हिएत संघाची, म्हणजे त्या वेळच्या रशियाची, उघड स्तुती करी. अमेरिका आणि रशिया यांचं तेव्हा विळ्याभोपळ्याएवढं सख्य! सरकार म्हणालं, "या माणसाने परदेशात जाणं देशाच्या हिताचं नाही." झालं, १९५० साली पासपोर्ट रद्द.

एक गोष्ट इथे खरीखरी सांगायला हवी. रोबसन यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रशियात स्टालिनच्या राजवटीत लाखो माणसांचे हाल झाले, त्याबद्दल ते जाहीरपणे कधी बोलले नाहीत. आणि तो देश तर स्वतःच्या नागरिकांनाही सहजासहजी बाहेर जाऊ देत नव्हता! म्हणजे रोबसन यांचं काही बाबतीत चुकलं, असं आपण म्हणू शकतो. पण मत चुकीचं वाटलं म्हणून माणसाचा रस्ता अडवायचा का?

एक उदाहरण घ्या. समजा, तुमच्या शाळेची सहल रायगडला जाणार आहे. एका मुलाने वर्गात उभं राहून विचारलं, "मैदानावर मुलींना खेळायला का मिळत नाही?" आणि सर म्हणाले, "तू फार बोलतोस. तुला सहलीला नेणार नाही." तुम्हाला पटेल? त्याने कुणाला मारलं असतं, काही मोडलं असतं, तर गोष्ट वेगळी. पण त्याने नुसता प्रश्न विचारला होता. आणि समजा, त्याचा प्रश्न चुकीचा असता, तरीसुद्धा सहल ही काही गप्प बसण्याचं बक्षीस नव्हे!

पासपोर्टचंही तसंच. अधिकारी रोबसन यांना म्हणाले, "मी कम्युनिस्ट पक्षाचा नाही, असं शपथेवर लिहून दे, मग बघू." रोबसन यांनी साफ नकार दिला. माझी मतं कोणती, यावर माझा प्रवास ठरवायचा सरकारला अधिकारच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नुसती एक सही केली असती तर कदाचित सुटका झाली असती. त्यांनी ती केली नाही. याची किंमतही मोजली. देशातली मोठी सभागृहं त्यांना दार उघडेनात, कमाई आटली.

पण मुलांनो, आता गोष्टीतली सगळ्यात छान माणसं येतात. ती म्हणजे तुमच्याआमच्यासारखे साधे नागरिक.

कॅनडातल्या खाणकामगारांच्या संघटनेने १९५२ साली व्हँकुव्हर शहरातल्या आपल्या अधिवेशनात रोबसन यांना गायला बोलावलं. अमेरिकेतून कॅनडात जायला तेव्हा पासपोर्ट लागतच नसे. तरी अधिकाऱ्यांनी त्यांना सीमेवरून परत फिरवलं. मग कामगारांनी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी रोबसन टेलिफोनवरून गायले आणि अधिवेशनाने ते ऐकलं. तिथेच कामगारांनी ठरवलं, "त्यांना इकडे येता येत नाही ना? मग आपणच सीमेवर जाऊ!"

दोन्ही देशांच्या सीमेवर 'पीस आर्च' नावाची एक उंच पांढरी कमान आहे. १९२१ साली ती मैत्रीची खूण म्हणून बांधली. तिच्या आत लोखंडी दारं बसवली आहेत आणि वर कोरलंय, ही दारं कधीही बंद न होवोत. १८ मे १९५२ रोजी त्याच कमानीजवळ, अमेरिकेच्या बाजूला, एक उघडा ट्रक उभा केला. तोच रंगमंच! रोबसन त्यावर चढून गायले. हजारो लोक ऐकायला जमले होते, त्यातले बरेचसे पलीकडे कॅनडाच्या हिरवळीवर. गायक एका देशात, श्रोते दुसऱ्या देशात, आणि मध्ये एक न दिसणारी रेघ. कायदा कुणी मोडला नाही, पण कायद्याचं हसू मात्र झालं. पुढची तीन वर्षं हा कार्यक्रम पुन्हा पुन्हा झाला.

ही बातमी ब्रिटनमध्ये पोहोचली. तिथे "रोबसनना गाऊ द्या" अशी मोहीमच सुरू झाली. सभा भरल्या, अर्जांवर सह्या गोळा झाल्या, खासदारही त्यात उतरले. सुरुवातीला सांगितलेला लंडनचा टेलिफोनचा कार्यक्रम याच मोहिमेतला. त्यानंतर ऑक्टोबर १९५७ मध्ये वेल्समधल्या खाणकामगारांनीही तसाच कार्यक्रम केला. हे कामगार रोबसन यांचे जुने दोस्त. १९४० साली वेल्सच्या खाणकामगारांवरच्या एका चित्रपटात त्यांनी काम केलं होतं. पोर्थकॉल गावात कामगारांनी त्यांचं गाणं ऐकलं आणि मग आपल्या गायकवृंदाचं गाणं टेलिफोनवरून त्यांना ऐकवलं. विचार करा, कोळशाच्या खाणीत राबणारी ही माणसं. समुद्रापलीकडच्या एका माणसासाठी त्यांनी वेळ काढला, पैसे काढले.

आपला देशही मागे नव्हता. एप्रिल १९५८ मध्ये रोबसन साठ वर्षांचे झाले, तेव्हा भारतात त्यांचा वाढदिवस साजरा झाला. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. पंतप्रधान पंडित नेहरूंनीही जाहीर शुभेच्छा दिल्या. हे अमेरिकी अधिकाऱ्यांना मुळीच रुचलं नाही.

आणि शेवटी दार उघडलं. कसं? रॉकवेल केंट नावाचे एक चित्रकार होते. त्यांनाही त्यांच्या मतांमुळे पासपोर्ट नाकारला होता. ते न्यायालयात गेले. १६ जून १९५८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रवास करणं हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि त्याच्या राजकीय मतांवरून पासपोर्ट नाकारण्याचा अधिकार संसदेने अधिकाऱ्यांना दिलेला नाही. नऊपैकी पाच न्यायाधीश या बाजूचे, चार विरुद्ध. किती थोडक्यात निभावलं बघा! खटला केंट यांचा, पण त्यामुळे रोबसन यांनाही पासपोर्ट मिळाला. जुलैमध्ये ते लंडनला पोहोचले. ऑगस्टमध्ये वेल्सच्या लोकांसमोर उभे राहिले. या वेळी टेलिफोन नव्हता! १९६० साली तर ते ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ऑपेरा हाऊसचं बांधकाम चालू असताना तिथल्या कामगारांसाठी गायले. पण गेलेली आठ वर्षं कोण परत देणार?

तुम्ही म्हणाल, "बाई, हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे काय होतं?" चांगला प्रश्न आहे. आपल्याकडे १९६७ पर्यंत पासपोर्ट कुणाला द्यायचा नि कुणाला नाही, याचा धड कायदाच नव्हता. सगळं सरकारच्या मर्जीवर. सतवंतसिंग साहनी नावाच्या एका व्यापाऱ्याला सरकारने पासपोर्ट परत करायला सांगितलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६७ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की परदेशी जाणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्यावाचून ते काढून घेता येणार नाही. मग त्याच वर्षी संसदेने पासपोर्टचा कायदा केला.

पुढे १९७७ साली मनेका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने ताब्यात घ्यायचं ठरवलं. कारण? "जनहितासाठी." म्हणजे काय, ते सांगायला सरकारने नकार दिला. जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसता कायदा असून भागत नाही, त्याची रीतही न्याय्य हवी. ज्याचा पासपोर्ट घ्यायचा त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळालीच पाहिजे. सरकारलाही तशी हमी द्यावी लागली.

म्हणजे आता कुणालाच अडवता येत नाही का? तसं नाही. एखाद्यावर गुन्ह्याचा खटला चालू असेल, तर त्याचा पासपोर्ट रोखता येतो. तो पळून गेला तर न्याय कसा होणार? पण त्यालाही कायदा आहे, कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि आपली बाजू मांडायची सोय आहे. "तू आम्हाला आवडत नाहीस" हे काही कारण नव्हे. मोठी माणसं कधीकधी हे विसरतात. तेव्हा आठवण करून द्यायला माणसं लागतात. कुणी न्यायालयात जातो, कुणी सही करतो, कुणी सीमेवर ट्रक आणून उभा करतो.

आता या आठवड्याचं काम. घरात कुणाचा पासपोर्ट असेल तर आईबाबांच्या परवानगीने तो उघडून बघा. त्यात भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते: या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्यावं. ती मोठ्याने वाचा. मग जेवताना सगळ्यांना एक प्रश्न विचारा: ज्याचं बोलणं आपल्याला मुळीच पटत नाही, त्याच्यासाठी आपण अर्जावर सही करू का?

उत्तर लगेच देऊ नका. घरात थोडा वाद होऊ द्या. मग तुम्हाला काय वाटलं, ते मला पत्राने नक्की कळवा.