परक्या देशातले कान

१९७०च्या दशकातली गोष्ट. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये भारत-पाकिस्तानातून आलेल्या काही बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. थोड्याच काळात त्यांच्याबद्दल कुरकुर सुरू झाली. बायका तुसड्या आहेत, यांना सहकार्य करायचंच नाही, असं वरिष्ठ म्हणू लागले आणि जेवायला येणारे मालवाहतूक कामगारही. वास्तविक कामाच्या वेळी या बायका फार थोडं बोलत. ताटात मांस वाढलं, की त्यावर ग्रेव्ही हवी का, एवढंच विचारायचं असे. ब्रिटिश बाई तिथे असती तर शेवटी सूर वर नेत ‘ग्रेव्ही?’ म्हणाली असती. या बायका सूर खाली उतरवत ‘ग्रेव्ही’ म्हणत. त्यांच्या मते त्यांनी नीट विचारलेलं असे. समोरच्याला मात्र त्यात प्रश्न ऐकूच येत नसे. ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असा रोखठोक भाव त्याच्या कानावर पडे.

जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञाने हा प्रसंग अभ्यासला आणि १९८२ साली ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या पुस्तकात मांडला. दोन्ही सुरांतलं ‘ग्रेव्ही’ ध्वनिफितीवर ऐकवलं तेव्हा त्या बायका प्रथम म्हणाल्या, ‘आम्हीही तेच तर म्हणतोय.’ आपल्याशी माणसं फटकून वागतात हे त्यांना कळत होतं. कारण ठाऊक नव्हतं. आणि प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धतच तशी आहे, त्यात उर्मटपणा नाही, हे वरिष्ठांना माहीत नव्हतं. चर्चा झाली आणि दोन्ही बाजूंना उलगडा झाला. गंपर्झ स्वतः १९२२ साली जर्मनीत जन्मलेले, नाझी राजवटीमुळे देश सोडून अमेरिकेत आलेले. पुढे त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदताना एकमेकींचं व्याकरण कसं उचलतात, याचा अभ्यास केला. आज तो जगभर शिकवला जातो. भाषा दोन माणसांच्या मध्ये घडते, हे त्यांनी गावातही पाहिलं होतं आणि विमानतळावरही.

स्थलांतरिताच्या बोलण्यात अडचण आली की दोष त्याच्या जिभेला दिला जातो. उच्चार सुधार, वर्ग लाव, हळू बोल. ऐकणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतलं संशोधन मात्र पुनःपुन्हा कानाकडे बोट दाखवतं.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा १९८४चा प्रयोग मराठी वाचकाला सहज पटेल. हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक इंग्रजी घरात वाढणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना ओळखता आला. वर्षाच्या आसपास पोचेपर्यंत ती क्षमता जवळजवळ मावळली होती, कारण त्या फरकाची त्यांच्या घरी कुणाला गरज नव्हती. पहिल्या वाढदिवसापर्यंत कान आपल्या भाषेपुरता घडलेला असतो. मग तीस वर्षांचा इंग्रज पुण्याच्या अभियंत्याचं बोलणं ऐकतो, तेव्हा तो याच घडलेल्या कानाने ऐकतो. शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ त्याला हवेच्या झोतासह हवा असतो, ओठ मिटून उच्चारलेल्या आपल्या ‘फ’च्या जवळ जाणारा. मराठी माणूस ‘पिन’ म्हणताना स्वच्छ, झोताविना ‘प’ म्हणतो आणि इंग्रजाला ‘बिन’ ऐकू येतं. ‘टाउन’चा ‘डाउन’ होतो. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ तर आपण एकाच अक्षरात लिहितो, त्यामुळे पश्चिम दिशा आणि अंगातली बंडी दोन्ही ‘वेस्ट’च. यात बोलणाऱ्याने काही बिघडवलेलं नसतं. दोन घडणी समोरासमोर आलेल्या असतात.

कान नुसता घडलेला असता तर प्रश्न सोपा होता. तो पाहतोसुद्धा. जॉर्जिया विद्यापीठातले डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली ६२ विद्यार्थ्यांना एका व्याख्यानाची ध्वनिफीत ऐकवली. आवाज ओहायोतल्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकी बाईचा होता. काहींना ऐकताना गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्याच आवाजात परदेशी हेल ऐकू आला. एवढंच नव्हे, व्याख्यानही कमी समजलं. त्या काळात अमेरिकी विद्यापीठांतल्या परदेशी अध्यापकांच्या इंग्रजीबद्दल इतक्या तक्रारी होत होत्या, की अनेक राज्यांनी त्यासाठी कायदे केले होते. त्यांतल्या किती तक्रारी आवाजाच्या होत्या आणि किती चेहऱ्याच्या, हा प्रश्न कायदे करणाऱ्यांनी आधी विचारायला हवा होता.

२०१० साली शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायसर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उंटापेक्षा जिराफ जास्त काळ पाण्याशिवाय राहू शकतो, अशा धर्तीची वाक्यं परदेशी हेलात ऐकली की लोकांना ती कमी खरी वाटतात. बोलणारा फक्त दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचतोय, हे सांगितलेलं असतानाही.

असा कान मुलाखतीच्या टेबलामागे बसतो तेव्हा काय होतं? मॅन्युएल फ्रागांते वयाच्या साठाव्या वर्षी, १९८१ साली, फिलिपिन्समधून हवाईत आले. होनोलुलू शहराच्या मोटारवाहन विभागात कारकुनाची जागा निघाली होती. शब्दांचा वापर, व्याकरण आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या लेखी परीक्षेला ७२१ जण बसले. फ्रागांते पहिले आले. नंतर छोटी मुलाखत झाली आणि जागा दुसऱ्यांना गेली. काउंटरवर आणि फोनवर लोकांशी बोलावं लागतं, यांचा फिलिपिनो हेल फार जड आहे, असं कारण देण्यात आलं. प्रकरण न्यायालयात गेलं. फ्रागांते यांचं बोलणं हवाईतल्या पूर्वग्रह नसलेल्या श्रोत्याला समजेल, असं भाषातज्ज्ञाने साक्षीत सांगितलं. १९८९ साली अपील न्यायालयाने हेल आणि मूळ देश यांचं नातं मान्य केलं, अशा नकारांकडे बारकाईने पाहायला हवं असंही म्हटलं, आणि निकाल शहराच्या बाजूने दिला. हवाईत फिलिपिनो वस्ती मोठी आहे. त्या काउंटरवर येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचं बोलणं फ्रागांते यांच्यासारखंच असणार. त्यांच्या कानांचा विचार कुणी केला नाही, आणि म्हणून हा निकाल चुकीचा वाटतो.

आश्रय मागणाऱ्याच्या बाबतीत तर कानाची चूक जिवावर बेतू शकते. १९९०च्या दशकापासून काही देश अर्जदाराचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तो खरोखर कुठला आहे हे ठरवू पाहतात. अफगाणिस्तानातून पळालेला हजारा माणूस काही वर्षं पाकिस्तानात काढतो, शेजाऱ्यांचे शब्द त्याच्या तोंडी बसतात, आणि अहवालात तो पाकिस्तानी ठरतो. ऑस्ट्रेलियातल्या भाषाशास्त्रज्ञांनी २००३ साली अशा निर्णयांतल्या त्रुटी उघड केल्या. पुढच्याच वर्षी वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वं काढली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सोमाली अर्जदारांच्या प्रकरणात अशा अहवालांवर डोळे झाकून विसंबण्याला लगाम घातला. पळून आलेल्या माणसाचं बोलणं वाटेत बदलणारच, हे समजायला खरं तर न्यायालयाची गरज पडू नये.

आता कानाची जागा यंत्र घेत आहे. २०१७ साली ऑस्ट्रेलियात कायम राहू इच्छिणारी एक आयरिश पशुवैद्य इंग्रजीच्या संगणकीय तोंडी परीक्षेत हव्या त्या गुणांपर्यंत पोचली नाही. इंग्रजी तिची मातृभाषा. दुसरीकडे, भारतातल्या कॉल सेंटरमधला आवाज ग्राहकापर्यंत पोचण्याआधीच त्यातला भारतीय हेल पुसणारी संगणकप्रणाली आली आहे. एका मोठ्या फ्रेंच कंपनीने ती इथे वापरायला घेतल्याची बातमी २०२५ साली आली. ग्राहकाचं काम सोपं झालं आणि कर्मचाऱ्याच्या शिव्या वाचल्या, असं तिचं समर्थन केलं जातं. शिव्या वाचणं ही लहान गोष्ट नाही. पण शिवी देणाऱ्याला तसंच ठेवून शिवी खाणाऱ्याचा आवाज बदलणं हा उलटा न्याय आहे, आणि मुंबई-पुण्यातली हजारो मुलं अशा नोकऱ्या करत असताना त्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ चर्चाच नाही.

कदाचित आपले कानही त्याच सवयीचे आहेत. मुंबईत टॅक्सी चालवणाऱ्या बिहारी माणसाचा ‘स’ ऐकून आपण त्याची अक्कल ठरवतो. तीनशे वर्षांहून अधिक काळ तंजावरला राहून मराठी जपलेल्या कुटुंबातला माणूस पुण्यात आला की त्याला ‘मराठी छान शिकलात हो’ असं ऐकावं लागतं.

पण कान बदलतो, आणि लवकर बदलतो. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ साली दाखवलं, की परदेशी हेलाच्या इंग्रजीशी श्रोता एका मिनिटाच्या आत जुळवून घेऊ लागतो. कॅनडात ट्रेसी डर्विंग, मरे मनरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना व्हिएतनामी हेल ऐकायचं शिकवलं. असं बोलणं आपण समजून घेऊ शकतो, हा त्यांचा विश्वास वाढला. याच मनरो-डर्विंग जोडीने १९९५ साली सिद्ध केलं होतं, की हेल जड असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं. तेव्हा परदेशी माणसं नेमणाऱ्या रुग्णालयांनी, विद्यापीठांनी आणि कंपन्यांनी उच्चाराचे वर्ग भरवताना ऐकण्याचेही वर्ग भरवावेत. मुलाखत घेणाऱ्यांना त्यात आधी बसवावं.

तोवर परदेशातल्या मराठी मंडळांनी एक काम हाती घ्यावं. नव्याने आलेल्यांना तिथल्या कायद्याची माहिती द्यावी. अमेरिकेत किमान पंधरा कर्मचारी असलेल्या मालकाला हेलाच्या कारणावरून नोकरी नाकारायची, तर त्या कामात बोलण्याचा खरोखर अडथळा येतो हे दाखवावं लागतं. त्याविरुद्ध समान रोजगार संधी आयोगाकडे घटनेपासून १८० दिवसांत तक्रार करता येते. ज्या राज्यांत स्वतःची अशी यंत्रणा आहे, तिथे ही मुदत ३०० दिवसांची आहे.