मंडळी लहान, शेजार मोठा

केळशीला महालक्ष्मीचे देऊळ आहे, याकूबबाबांचा दर्गा आहे. ख्रिस्ती मंडळींचे नाव निघाले की मात्र आपल्या तालुक्यातल्या जुन्या माणसांना आठवते ती दापोलीची मिशन शाळा. मंडळी म्हणजे एका चर्चला जमणारी माणसे. मराठी ख्रिस्ती घरांत हाच शब्द चालतो. अशी मंडळी चार-दोन घरांची असली, तर तिने शेजाराला काय द्यावे?

दापोलीत एस. पी. जी. मिशनने इंग्रजी शाळा चालवली. त्या काळी खेडोपाडीच्या मुलाला इंग्रजी शिकायचे तर दूर जावे लागे, म्हणजे तालुक्याची गरज नेमकी तीच होती. सोवळ्यातल्या घरांनीही मुले तिथे धाडली. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे आणि १९६३ साली भारतरत्न झालेले पांडुरंग वामन काणे याच शाळेचे. पालगडचे साने गुरुजीही काही काळ इथे शिकले. मिशनच्या बाकावर बसून हिंदू धर्मशास्त्राचा एवढा मोठा पंडित तयार झाला, यात मला तर त्या शाळेचा मोठेपणा दिसतो.

दुसरे उदाहरण घाटावरचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मॅबेल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर जोडपे वेल्लोरला शिकले आणि १९७० साली नगर जिल्ह्यात जामखेडला आले. आले होते औषधपाणी करायला. पण लोकांना विचारले तेव्हा कळले, आधी पाणी हवे, पोटाला हवे. दोघांनी तेही काम अंगावर घेतले. हातपंप बसवताना काही गावांत ते दलित वस्तीत बसवले. पाणी हवे तर साऱ्या गावाने तिथे यायचे! शिवाशिवीवर दहा व्याख्याने देऊन जे झाले नसते ते रिकाम्या घागरीने केले. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, बाळंतपण आणि बाळाची निगा शिकवली. या कामाबद्दल दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, शाळा आणि दवाखाना ही पैशाची कामे, लहान मंडळीला कशी झेपणार? मग ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळाने केळशी, आंजर्ले, मुरूडच्या वाड्या झोपवल्या. आडवे झालेले माड तोडायला करवत नाही, करवत आहे तर माणूस नाही. मुलगा मुंबईला, घरात म्हातारी एकटी. नवी पोफळ लावली तरी सुपारी हाती यायला पाच-सहा वर्षे तरी जातात. अशा वेळी सहा धडधाकट माणसे आणि दोन करवती घेऊन कोणी आठवडाभर वाडी मोकळी करून दिली, तर त्याला कुठला निधी लागतो? पंचनाम्याचे कागद, सातबारा, बँकेचे पासबुक गोळा करून अर्ज भरून देणारा एक लिहिता माणूस तर त्याहून मोलाचा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. तांदळाच्या पिशवीबरोबर धर्माचे पुस्तक दिले की ती मदत राहत नाही, सौदा होतो, आणि शेजाऱ्याला तो लगेच कळतो. बोलत नाही, इतकेच. ज्याला मंडळीबद्दल विचारायचे असेल तो आपणहून विचारील. आणि घेणाऱ्यानेही उगाच संशयाने बघू नये. देवळाच्या जत्रेला मुसलमान शेजारी आला तर आपण त्याला का आलास म्हणून विचारतो का?

पाऊस तोंडावर आला की कौले परतायची असतात. ज्या घरात वर चढणारा कोणी नाही, ती घरे गावात सगळ्यांना माहीत असतात. मंडळीने रविवारच्या उपासनेनंतर त्या घरांची नावे काढावीत, शिड्या कोणाकडे आहेत ते विचारावे, आणि बरोबर येणाऱ्या हिंदू-मुसलमान पोरांनाही घ्यावे. मृगाआधी करायचे म्हणजे सुरुवात वैशाखातच हवी.