पाणी तोडू नका

पाऊस सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या वर्गातली हजेरी घसरते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, "पोट बिघडलं होतं." मोठी मुले दोन-तीन दिवसांत परत येतात, डबाही खाऊ लागतात. आम्हाला धास्ती असते ती त्यांच्या घरातल्या दूधपित्या भावंडाची.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतल्या अकरा महिन्यांच्या बाळाला सकाळपासून सात-आठ पातळ जुलाब झाले. आम्ही विचारपूस करायला गेलो तेव्हा त्याची अम्मी दाराशी बसून रडत होती. दादी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बाळाचे पाणी तोडले होते आणि अंगावरचे दूधही. "जितकं पाजू तितकं खालून निघतंय, मग पाजायचं कशाला?" हा त्यांचा सवाल. बहू कोवळी, मूल पहिलेच. मुले-नातवंडे मिळून नऊ जण वाढवलेल्या बाईपुढे तिने काय बोलावे?

दादींचे म्हणणे वेडगळ नव्हते. नळ गळत असेल तर टाकीत पाणी सोडू नये, असा तो साधा हिशोब होता. पण जुलाबात पाजणे थांबवले तरी आतड्यातून पाणी जायचे थांबत नाही. ते शरीरातल्या साठ्यातून जात राहते आणि सोबत मीठही नेते. मूल दगावते ते बहुतेक वेळा या कोरडेपणाने. आठ किलोच्या बाळाच्या अंगातले 400 मिलिलिटर, म्हणजे दोन पेले पाणी कमी झाले की त्रास दिसू लागतो. 800 मिलिलिटर गेले की प्रश्न जिवाचा होतो. चार पेल्यांचाच तर हिशोब आहे!

मग पाजलेले अंगाला लागावे कसे? इथे अल्लाहची कुदरत पाहण्यासारखी आहे. जुलाबात नुसते पाणी किंवा नुसते मीठ आतड्यात नीट शोषले जात नाही. पण मिठासोबत थोडी साखर असली की आतड्याच्या भिंतीतला एक दरवाजा उघडतो. ग्लुकोज आणि मिठातला सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. आजारी आतड्यातही हा दरवाजा बहुधा शाबूत असतो. ओआरएसची सारी करामत एवढीच आहे. त्यातली साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी नाही, ती दरवाजाची किल्ली आहे. म्हणूनच माप महत्त्वाचे. साखर जास्त झाली तर ती उलट शरीरातले पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. थंड पेय, गोड सरबत, डब्यातला फळांचा रस जुलाबात नको म्हणतात ते यासाठी.

या साध्या पाण्याची खरी कसोटी 1971 साली लागली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले होते आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला होता. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मापात मिसळून पिंपांत पाणी तयार केले आणि ते पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. शंभरातले तीस जण दगावत होते तिथे हा आकडा चारच्याही खाली आला. महालनाबीस साहेब 2022 मध्ये वारले. पद्मविभूषण मिळाला तो त्यानंतरच्या वर्षी.

पुढे बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने घरोघरी बाया पाठवून एक कोटीहून अधिक घरांत आयांना गूळ-मिठाचे पाणी शिकवले. त्यातली एक गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून फार आवडते. शिकवणाऱ्या बाईचा मेहनताना तिने किती घरे केली यावर नव्हे, तर नंतर तपासणीत आयांना किती आठवते यावर ठरे. आमचे पगार असे ठरले असते तर काय झाले असते, हा विचार न केलेलाच बरा!

आठवण्याचाच विषय निघाला आहे तर आमची चूकही सांगतो. आमची धाकटी दीड वर्षांची असताना आम्ही ओआरएसची मोठी पुडी एका पेल्यात कालवली. बी.एड. झालेली माणसे, मुलांना सूचना वाचायला शिकवणारी, पण पुडीवरची सूचना वाचली नाही. पोरगी थुंकू लागली. आम्ही जबरदस्तीने चार चमचे पाजले. तिची तहान भडकली आणि ती आणखी किरकिरी झाली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "किती पाण्यात?" आम्ही गप्प. इतके दाट पाणी रक्तातले मीठ वाढवते आणि लहान मुलाला त्याने झटकेही येऊ शकतात, हे त्या दिवशी कळले. साधारण 20-21 ग्रॅमची मोठी पुडी असते ती पूर्ण एक लिटर पाण्यासाठी. चार ग्रॅमच्या आसपासची छोटी पुडी 200 मिलिलिटरसाठी. पाणी उकळून गार केलेले घ्यावे, पुडी अख्खी टाकावी, वर साखर, लिंबू, दूध काही घालू नये. केलेले पाणी झाकून ठेवावे आणि 24 तासांनी उरलेले ओतून द्यावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, हे चालते. सपाट म्हणजे चमच्यावर बोट फिरवून सारखा केलेला, डोंगर नको.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप. त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप. बाटलीने नको, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर घाबरून थांबवू नये. दहा मिनिटे थांबावे आणि मग दोन-तीन मिनिटांना एक चमचा असे सावकाश चालू ठेवावे. अंगावरचे दूध तर मुळीच बंद करू नये, उलट जास्त वेळा पाजावे. सूरह बकरात आयांसाठी दोन वर्षांच्या दुधाचा उल्लेख आहे, हे आपल्याला पाठ असते. मग आजारपणाच्या दोन दिवसांत तेच दूध आपण का तोडतो? वरचे खाणाऱ्याला मऊ खिचडी, केळे, दही, डाळभात द्यावा. भुकेले आतडे लवकर बरे होत नाही.

ओआरएससोबत झिंकची गोळी असते, ती मात्र घरोघर विसरली जाते. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्यांची पट्टी फडताळात जाते. ती 14 दिवस पूर्ण द्यायची असते. सहा महिन्यांच्या पुढे रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, चमचाभर आईच्या दुधात विरघळवून. तिने पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात.

जुलाब "बांधणारी" मोठ्या माणसांची गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये. आतडे थंडावते, पोट फुगते. अँटिबायोटिकही आपल्या मनाने नको. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात आणि त्यावर ते औषध चालत नाही. दुकानातून रंगीत खोक्यातले "ओआरएस" आणणाऱ्यांनीही सावध असावे. नावात ओआरएस आणि आत गोड पेय, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते पाहून घ्यावे.

शहदाविषयी आम्हाला हमखास विचारतात. पोटाच्या तक्रारीवर शहद पाजण्याची हदीस आपल्याला ठाऊक आहे आणि मोठ्यांनी शहद जरूर घ्यावे. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला ते देऊ नये. त्यात असू शकणाऱ्या एका जंतूचे बीज तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करते. मोठ्यांचे पोट ते सहज पचवते. त्या हदीसमध्येही दुखणे एका माणसाच्या भावाचे होते, तान्ह्याचे नव्हे.

आणि घरचे उपाय सोडून तडक दवाखाना कधी गाठावा? शौचात रक्त दिसले, मूल गळून पडले किंवा जागेच होईना, काही पिऊ शकेना, प्यायलेले सगळेच उलटून पडू लागले, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश बसू लागली, तर वेळ घालवू नये. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल तर पहिल्याच दिवशी दाखवावे. वाहन नसेल तर 108.

त्या दिवशी बाळाचे डोळे खोल गेले होते, पण ते रडत होते आणि वाटी दिसली की झेप घेत होते. त्याच्या अब्बांना आम्ही रिक्षा आणायला पाठवले. घरात पुडी नव्हती, ती आमच्याकडून आणली. एक लिटरची रिकामी बाटली शोधली आणि पाणी मापून घेतले. चमचा आम्ही बहूच्या हातात दिला नाही, दादींच्या दिला. "दादी, दर मिनिटाला एक चमचा. एवढा सब्र आमच्यात नाही, तुमच्यात आहे." त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले, मग बिस्मिल्लाह म्हणून पहिला चमचा बाळाच्या ओठाला लावला. रिक्षात चमचा चालू होता, दवाखान्याच्या बाकावर चालू होता. डॉक्टरांनी तपासले, वजन केले, चार तास समोर बसवून तेच पाणी मापाने पाजायला लावले. सलाईनची गरज पडली नाही. संध्याकाळी बाळाने रिक्षाच्या सीटवर भरपूर लघवी केली. रिक्षावाला कुरकुरला, दादी मात्र अलहमदुलिल्लाह म्हणत हसत होत्या.

यंदा पावसाच्या आधी त्यांच्या घरी जाणे झाले. मांडणीत तीच बाटली होती. एक लिटरच्या जागी दादींनी नेलपॉलिशची लाल रेघ ओढून ठेवली आहे आणि शेजारणींना ती बाटली उसनी देतात, पण रात्रीच्या आत परत मागून घेतात.