खोक्यातून आलेली बाइक

पुण्यात ‘गाडी गॅरेजला टाकलीये’ या वाक्याचा अर्थ एकच. गाडी दुसऱ्याच्या हवाली केली आणि आपण चहा प्यायला मोकळे! संध्याकाळी फोन करायचा, ‘झाली का हो?’ पलीकडून ‘उद्या या ना साहेब’ ऐकायचं आणि रिक्षाने घरी जायचं. वर ऑफिसात सांगायचं, ‘गाडीचं काम काढलंय यार.’ काम कोण काढतं आणि कोण करतं, हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही.

इथे टेक्सासमध्ये मात्र गॅरेज म्हणजे आपल्याच घराची एक खोली. तिथे साहेबही आपणच आणि पोऱ्याही आपणच. हे ज्ञान मला मे महिन्यातल्या एका शनिवारी झालं, जेव्हा माझ्या दारात एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हरने एक अवाढव्य खोकं उतरवलं. आत माझी बाइक होती. म्हणजे, बाइकचे बरेचसे भाग होते!

दीडशे किलोचं पार्सल

प्रकार असा आहे. मी डॅलसजवळच्या प्लेनो गावात राहतो. आठवडाभर ऑफिस, शनिवारी वाणसामान, रविवारी कपडे, असं आयुष्य चाललेलं असताना मला ड्युअल-स्पोर्ट बाइकचं वेड लागलं. ड्युअल-स्पोर्ट म्हणजे डांबरी रस्त्यावर कायदेशीर आणि मातीतही बिनधास्त. उंच सीट, २१ इंची पुढचं चाक, लांब शॉकअप. आपल्याकडे २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली होती आणि २०१९ मध्ये एक्सपल्स २००, त्याच जातीतली. जपानी कंपन्यांच्या अशा गाड्या इथे पाच हजार डॉलरच्या आसपास जातात. चिनी बनावटीची एक गाडी मात्र मला सगळं धरून दोन हजारांच्या आतबाहेर पडत होती. अट एकच, ती खोक्यातून घरी येणार आणि जोडायची आपली आपण.

बायकोने विचारलं, “तुला येतं?”

मी म्हटलं, “त्यात काय! पुढचं चाक, हँडल, मडगार्ड, हेडलाइट, आरसे आणि बॅटरी. बाकी सगळं कंपनीने बसवलेलंच असतं.”

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

एक टीप इथेच. पार्सलवर सही करायच्या आधी खोक्याला चारही बाजूंनी फेरी मारा. कुठे चेपलं असेल तर फोटो काढा आणि पावतीवर तसं लिहा. सही झाली आणि ट्रक वळला की तक्रार करण्यातला जोर निम्मा संपतो.

पुठ्ठा फाडला, लोखंडी सांगाड्याचे बोल्ट काढले आणि गाडी दिसली. २२९ सीसीचं, एका सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन. त्याचं घराणं थेट होंडाच्या १९७६ च्या सीजी १२५ पर्यंत जातं. ते इंजिन मुद्दाम साधं ठेवलेलं, देखभालीत हयगय झाली तरी चालावं म्हणून. म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच की! सोबत नट-बोल्टची एक पिशवी होती आणि एक माहितीपुस्तक, ज्यातल्या इंग्रजीपेक्षा चित्रं जास्त बोलत होती.

पहिली चूक पाच मिनिटांत

पुढचं चाक बसायच्या आधीच मी उत्साहाने सीटवर बसलो आणि सवयीने ब्रेकचा लिव्हर दोनदा दाबला. झालं! डिस्क ब्रेकच्या दोन पॅडच्या मध्ये चाकाची डिस्क असली तर ते तिला पकडतात. डिस्क नसेल तर एकमेकांच्या गळ्यात पडतात. चाक बसवायला गेलो तर डिस्क आत शिरेना. चपट्या स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून ते दोन पॅड हळूहळू लांब करण्यात अर्धा तास गेला. चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, हे आता मी झोपेतही सांगेन.

मग एक्सल, त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर, स्पीडोमीटरच्या गिअरची खाच. मग हँडल, मडगार्ड, हेडलाइट. इंजिनातलं मूळ तेल काढून नवं भरलं. ते नुसतं प्रवासापुरतं असतं, असं धरूनच चालायचं. आणि नवं तेल मोटारीचं नाही हं, बाइकचंच. बहुतेक बाइकचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो. मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं बघून घ्यायचं.

रात्री अकराला गाडी दोन चाकांवर उभी होती. काय दिसत होती, वा! मला त्याच क्षणी गल्लीत एक चक्कर मारायची होती. पण बॅटरीला रात्रभर चार्जिंग हवं होतं. नाइलाजाने झोपलो.

कंपनीत कोणी?

रविवारी सकाळी आठला, म्हणजे पुण्यातल्या संध्याकाळी साडेसहाला, बाबांना व्हिडिओ कॉल लावला. कौतुक करून घ्यायला, दुसरं काय!

बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये गेली. फिटर होते. रविवारी कासारवाडीच्या आमच्या बोळात वर्तमानपत्र पसरून स्वतःची राजदूत उघडायचे. मी जवळ जाऊन पाना उचलला की तो हातातून काढून घ्यायचे. “तू अभ्यास कर. हात काळे करायला मी आहे.” मी अभ्यास केला. इंजिनिअर झालो आणि एकही नट न फिरवता अमेरिकेत आलो. आता मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. माझं पोटच दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर चालतं.

गाडी बघून बाबा म्हणाले, “फिटरचं काम करायला अमेरिकेला गेलास होय?”

“बाबा, हौस म्हणून.”

“आम्हाला त्याचा पगार मिळायचा.”

त्यात टोमणा किती आणि गंमत किती, मला कळलं नाही. मला थोडी लाजही वाटली. ज्या कामातून त्यांनी मला निगुतीने लांब ठेवलं, तेच मी पैसे देऊन विकत घेतलं होतं. पण पुढच्याच क्षणी त्यांनी चष्मा चढवला.

“मोबाइल खाली घे. पुढचं चाक दाखव. एक्सल कोणी कसला?”

“मी.”

“बरं. कॅलिपरचे बोल्ट कोणी कसले?”

“ते कंपनीनेच बसवलेले होते.”

“कंपनीत कोणी?”

मी गप्प.

“हात लाव. नुसतं बघू नकोस.”

डिस्क ब्रेकचा कॅलिपर फोर्कला दोन बोल्टनी धरलेला असतो. पहिला घट्ट होता. दुसऱ्याला बोटं लावली आणि तो फिरला. पान्याने नाही हो, बोटांनी!

क्षणभर पोटात गोळा आला. तो बोल्ट थरथरीने गळून पडला असता तर कॅलिपर एका बोल्टवर झुलला असता. आणि जोरात ब्रेक दाबताना तो फिरून चाकाच्या आऱ्यांत गेला असता तर पुढचं चाक जागीच अडकलं असतं. मी रात्री अकराला चक्कर मारायला निघालो होतो. मला थांबवलं ते माझ्या अकलेने नाही, चार्ज नसलेल्या बॅटरीने.

गंमत बघा. मी जोडलेलं सगळं ठीक होतं, कारण स्वतःवर विश्वास नसल्याने मी ते तीन-तीनदा बघितलं होतं. जे मी जोडलं नव्हतं, ते मी तपासलंच नव्हतं. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने ‘तो भाग आपला नाही, म्हणून टेस्ट केला नाही’ असं म्हटलं तर मी त्याला अर्धा तास लेक्चर देतो! आणि इथे माझ्यानंतर बघणारं कोणीच नव्हतं. टेक्सासमध्ये खासगी गाड्यांची दरवर्षीची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद झालीये. नंबरप्लेटसाठी काउंटीच्या ऑफिसात जायचं, कंपनीचं मूळ प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद दाखवायचा. त्यात बोल्टला कोणी हात लावत नाही.

बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “आता सगळे काढ. एकेक.”

पांढऱ्या रेघा

मग सुरू झाला खरा रविवार. दिसेल तो बोल्ट काढायचा, आटे पुसायचे, निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावायचा आणि परत कसायचा. निळंच, कारण ते पुढे पान्याने सुटतं. लाल लावलंत तर बोल्ट तापवल्याशिवाय हलत नाही.

किती कसायचं? माझ्याकडे टॉर्क रेंच होता. ठरवलेला जोर झाला की तो ‘कट्’ वाजतो. साधारण हिशोब असा, की ६ मिलिमीटरच्या बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास, ८ मिलिमीटरच्या बोल्टला २० ते २५. ॲल्युमिनियममध्ये याहून जोर लावला की आटे जातात आणि मग रडायचं.

“आमच्या मनगटाला कळायचं,” बाबा म्हणाले.

“माझ्या मनगटाला फक्त माउस कळतो, बाबा.”

ते हसले. मग म्हणाले, “कसून झाला की त्याच्यावर रंगाची रेघ मार. अर्धी बोल्टवर, अर्धी बॉडीवर. रेघ तुटली की समजायचं, बोल्ट हलला.” मी पांढरा पेंट मार्कर घेऊन आलो. मागून आईचा आवाज येत होता, “अहो, जेवायला चला.” साडेनऊ वाजले होते तिथे. शेवटी बाबांनी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि एक डोळा माझ्याकडे ठेवून भाकरी खाल्ली. घास तोंडात असतानाच सूचना येत होत्या. “मागच्या चाकाचे आरे वाजवून बघ.” स्क्रू ड्रायव्हरने टिचकी मारली की कसलेला आरा ‘टिंग’ म्हणतो, ढिला नुसता ‘थड’ करतो. दोन थड निघाले.

एवढा वेळ बाबांशी मी गेल्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. आमचे फोन ‘जेवलास का’, ‘पाऊस आहे का’ आणि ‘आईशी बोल’ यातच आटपतात.

इथली दुपार झाली तेव्हा पेट्रोल टाकलं, कॉक उघडला, चोक ओढला. हो, कार्ब्युरेटर! भारतात बीएस-६ आल्यावर, म्हणजे एप्रिल २०२० नंतर, बहुतेक नव्या बाइकमध्ये तो दिसेनासा झाला. पाचव्या किकला गाडी सुरू झाली. बाबांनी पुण्याहून कान मोबाइलला लावला आणि म्हणाले, “बरी आहे.” फिटर लोकांच्या भाषेत हे सुवर्णपदक समजावं.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर मी सगळ्या रेघा पुन्हा बघितल्या. तीन तुटल्या होत्या. नंबरप्लेटची पट्टी, सायलेन्सरचं कव्हर आणि डावा आरसा. आरसा मीच बसवला होता, चहा गार होतोय म्हणून घाईत. कॅलिपरच्या दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या.

तुमच्या गाडीसाठी दहा मिनिटं

तुम्ही म्हणाल, आमची गाडी खोक्यातून थोडीच येते? शोरूममधून हार घालून, पेढे वाटून आणलीये! कबूल. पण तीसुद्धा कुणाच्या तरी हातांनीच कसलीये. दसऱ्याला आणि पाडव्याला एका दिवसात किती गाड्या बाहेर पडतात आठवा, आणि आदल्या रात्री ते हात किती दमले असतील याचा अंदाज घ्या.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. पुढच्या कॅलिपरचे दोन्ही बोल्ट हाताने हलवून बघा. दोन्ही एक्सलचे नट बघा. चेन मधोमध वर-खाली किती हलते ते मोजा. किती हलायला हवी ते माहितीपुस्तकात असतं, बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटर चालतं. टायरमधली हवा गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना मोजा. काही ढिलं निघालं तर मेकॅनिककडे जरूर न्या, पण काय ढिलं आहे ते सांगून न्या. आणि ओळखीचा जुना फिटर असेल तर त्याला फोन लावा. त्याला तुमच्यापेक्षा जास्त मजा येईल.

गेल्या रविवारी बाबांचाच फोन आला. इकडची-तिकडची चौकशी नाही, काही नाही.

“पाचशे किलोमीटर झाले ना? तेल बदल.”

“सकाळीच बदललं, बाबा.”

“काढलेल्या तेलाचा फोटो पाठव.”